चावी कुणाच्या खिशात

“मग जबाबदार कोण?”

“मी, सर. एकटा मी.”

निरंजन पाठारे हे छाती पुढे काढून म्हणाला. चाकणच्या एका कारखान्यात विजेवरच्या नव्या गाडीचा तो प्रकल्पप्रमुख. त्या गाडीला तारा पुरवणारा मी. गोडांबे सरांकडे त्याला मीच ओढून आणलं होतं. सरांनी उभं आयुष्य गाड्यांच्या सुरक्षेत घालवलं. आता निवृत्त होऊन तळेगावात असतात.

“गाडी बनवून घेणारा तू. ती सुरक्षित आहे हे तपासणार कोण?”

“मीच. वेगळा माणूस नेमला की महिना जातो. उद्या घाटात चाचणी आहे, यासीन चालवणार.”

“आणि चालवायला हरकत नाही, असं म्हणणार कोण?”

“तेही मीच. सगळं एका हातात. गोंधळच नाही!”

सर माझ्याकडे वळले. “शेठ, तुम्ही आपला माल आपल्याच काट्यावर तोलता?”

“तोलतो की. म्हणून तर शहाणं गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात पुन्हा तोलून बघतं.”

निरंजन हसला. “सर, मी काही मापात पाप करणारा नाही.”

“नाहीसच…” सर उठले. “चल, माझ्या गाडीखाली तेल गळतंय का, तेवढं बघ.”

अंगणात सरांची जुनी गाडी उभी होती. मी गोणपाट अंथरलं. निरंजनसाहेब इस्त्रीच्या शर्टासकट खाली सरकले.

सर शांतपणे चालकाच्या जागेवर जाऊन बसले. दार लागलं. चाव्या किणकिणल्या.

“सर?” खालून आवाज आला.

“बोल.”

“चावी… तुमच्याकडे आहे?”

“हो.”

“जरा माझ्याकडे देता? आमच्याकडे रीत आहे, जो गाडीखाली जातो त्याच्याच खिशात चावी.”

“कशाला? मी चालू करणार नाही. जबाबदारी माझी. एकट्याची.”

“तुमच्यावर विश्वास आहे सर, पण…”

“पण काय?”

“पण खाली मी आहे.”

सर गाडीतून उतरले.

निरंजन बाहेर आला. पाठीला काळं लागलं होतं. तो तसाच गोणपाटावर बसून राहिला.

“उद्या घाटात यासीन असेल,” सर म्हणाले. “त्याची चावी कुठे आहे?”

“…माझ्या खिशात.”

“हं.”

“पण सर, यासीनला गाडीच्या संगणकातलं काय तपासता येणार?”

“त्याच्या वतीनं तपासेल असं कुणी? ज्याचा पगार, बढती तुझ्या हातात नाही?”

“टिळेकर बाई आहेत. दुसऱ्या विभागातल्या. पण त्या फार खडूस आहेत, सर. त्या ‘नाही’ म्हणाल्या तर?”

“तर गाडी उभी राहील.”

निरंजननं फोन काढला. मग लावला. “टिळेकर मॅडम, उद्याची गाडी तुम्ही सोडाल तरच सुटेल… हो, थांबवायचा अधिकार तुमचा. वरच्यांना मी कळवतो.”

दुसऱ्या दिवशी गाडी सुटली नाही. बाईंनी ती जागेवरच तपासली. ब्रेकच्या पेडलची तार मुद्दाम काढून ठेवली, तरी गाडीतला संगणक ‘सर्व ठीक’ म्हणत राहिला. उतारावर असं झालं असतं तर…? यासीन त्या सकाळी लेकीला शाळेत सोडून आला.

आठवड्यानं निरंजन पुन्हा तळेगावात आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. सरांच्या पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

“सर, तुमच्यामुळे यासीन वाचला. तुमचे उपकार…”

“टिळेकर बाईंना पेढे दिलेस?”

निरंजन ओशाळला. “नाही अजून. खरं सांगू का? बाईंनी भर बैठकीत माझी लाज काढली. महिनाभर गाडी मागे गेली. वरून साहेबांची बोलणी मीच खातोय. कृतज्ञ आहे हो मी… पण त्यांच्यावरचा राग जात नाही. तो गेला की पेढे घेऊन जाईन म्हणतो.”

सरांनी पुडा न उघडता त्याच्या हातात परत दिला.

“तुला राग येईल ते त्या बोलल्या, म्हणून यासीन वाचला. राग आहे तोवर जा.”