पांढऱ्या गुलाबावरची माशी

फार पूर्वी, हॉलंडच्या वलंदेज लोकांची गलबते मिरी न्यायला आपल्या किनाऱ्यावर येत, त्या काळी एका बंदरात एक व्यापारी राहत असे. त्याच्या दिवाणखान्यात फुलांचे एक जुने चित्र होते. एका वलंदेज कप्तानाने ते त्याच्या वडिलांना भेट दिलेले. गडद काळोखातून उजळलेले काचेचे पात्र, त्यात एका ऋतूत कधीच न फुलणारी फुले शेजारी शेजारी, आणि मधल्या पांढऱ्या गुलाबावर बसलेली एक माशी.

ती इतकी हुबेहूब होती, की लहानपणी व्यापारी आणि त्याची थोरली बहीण तिला हाकलायला धावत. वडील ओरडत, "हळू, उडेल!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

पुढे वडील वारले. बहीण दूर सासरी गेली. व्यापाऱ्याच्या मुलीचे लग्न ठरू घातले, तेव्हा व्याही घर पाहायला आले. चित्रापाशी थबकून ते म्हणाले, "शेठ, घर मोठं, पण माशा फार हो!" सगळे हसले. व्यापारी ओशाळला.

दुसऱ्याच दिवशी त्याने म्हाताऱ्या चिताऱ्याला बोलावले. "ही माशी काढून टाका."

"शेठ, ती बसली आहे म्हणून गुलाब ताजा वाटतो."

"मला शिकवू नका. साखरपुडा तोंडावर आलाय."

चिताऱ्याने माशीवर पांढरा रंग चढवला. निघताना म्हणाला, "ओलं फडकं लावू नका. चुकून लागलंच, तर घाबरू नका."

साखरपुड्याला चित्राकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. संध्याकाळी बहीण पोहोचली, बारा वर्षांनी. पाय धुऊन ती थेट चित्रापुढे गेली आणि जुन्या सवयीने तिने पदर झटकला. हात तसाच थांबला.

"बाबू, माशी कुठं गेली रे?"

"लोक हसत होते, अक्का."

"हसायचेच! बाबा नाही का हसायचे? तेवढंच तर हसणं उरलं होतं त्यांचं या घरात."

व्यापाऱ्याने वडिलांचे हसू आठवून पाहिले. ते कानी येईना.

बहिणीने डोळे टिपले आणि त्याच ओल्या पदराने गुलाबावरून मायेने हात फिरवला. पदराला पांढरा रंग लागला. गुलाबावर एक बारीक पाय दिसला, मग पंख.

"हळू, अक्का," व्यापारी एकदम ओरडला, "उडेल!"

आणि दोघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

तात्पर्य इतकेच: चारचौघांत उणे दिसते म्हणून जे पुसायला निघालो, त्यावर आपल्या कोणाची आठवण बसलेली नाही ना, हे आधी पाहावे.