तालमीतली अंडी

यमीला तालमीच्या लाल मातीत उतरायचं होतं, आणि दौलतराव इनामदार दार अडवून उभे. तालीम त्यांच्या जागेत, म्हणून अक्कलही तिथं त्यांचीच चालायची म्हणे!

"पोरींना डाव कळत नाहीत," इनामदार गुरगुरले.

नेमका तेव्हाच पैलवानांनी घोळ घातला. उकडलेली नि कच्ची अंडी एकाच पाटीत ओतली. इनामदार हसले. "न फोडता यातलं कच्चं ओळखून दाखव. जमलं तर उतर मातीत!"

यमीनं एक अंडं फरशीवर भिंगरीसारखं फिरवलं, बोट टेकवून थांबवलं, लगेच बोट उचललं. अंडं जागच्या जागी. "हे उकडलेलं." दुसरं तसंच थांबवलं, तर बोट उचलताच ते आपोआप पुन्हा गरगरू लागलं. "हे कच्चं. कवच थांबलं तरी आतला बलक फिरतच राहतो."

शिदू वस्तादांनी ते फोडलं. खरंच कच्चं!

"हा तर पोरखेळ!" इनामदार खवळले. वस्तादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तसे ते गप्प झाले. हात उचलला, की बडबड पुन्हा सुरू.

"वस्ताद," यमी म्हणाली, "इनामदारसाहेबही उकडायचे राहिलेत की!"

अख्खी तालीम खदाखदा हसली. वस्तादांनी छाती फुगवून, स्वतःच्या हातानं यमीच्या कपाळाला लाल माती लावली.