उधाणाईच्या वाटीचा टवका

या, आत या, पण उंबऱ्यावर पाय देऊ नका. उधाणाई देवीपुढे ती पांढरी-निळी वाटी दिसते ना, ती चिनी बादशहाच्या भट्टीतली. काठाला गेलेला टवका बघितलात? त्या टवक्यापायी आमच्या वेळणे गावात नवं भांडं काठाला जरा फोडल्याशिवाय कोणी चुलीवर चढवत नाही. पाहुणे हसतात. हसोत बापडे.

फार जुनी गोष्ट. खाडीच्या तोंडाशी एक परमुलखी जहाज खडकावर फुटलं, म्हणे. आमच्या दर्यावर्दींनी त्यातल्या एका म्हाताऱ्या चिनी खलाशाला वाचवलं. पोटाशी धरलेली ही वाटी त्याने उधाणाईपुढे ठेवली. ती त्याच्याकडे कशी आली, हे त्याने सांगितलं नाही आणि आमच्या लोकांनी विचारलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी देवीला याच वाटीतून पाणी दाखवायचं आणि मगच होड्या लोटायच्या, असा नेम पडला.

पुढे वाटीची कीर्ती गडावर गेली. किल्लेदाराने ती मागितली, गावाने दिली नाही. मग त्याने खाडीचं तोंड अडवलं, सगळ्या होड्या धरल्या आणि माणसं गडावर कोंडली. वाटी आणा, नाहीतर एकेकाला कड्यावरून लोटतो, असा निरोप आला. कोंडलेल्यांत धाकू गुरव होता. देवीची पूजा त्याच्या घराण्याकडे. त्याची बायको आवडू वाटी पदराखाली घेऊन गड चढली. द्यायची की नाही हे गड चढेपर्यंत तिचं ठरलं नव्हतं, असं सांगतात.

सदरेवर किल्लेदाराशेजारी एक पारखी व्यापारी बसला होता. त्याने वाटी उलटी केली, नखाने टिचकी मारली, कानाशी धरली. मग म्हणाला,

"सरकार, हे पायवाल्या चिनी नागाचं चित्र बघा. प्रत्येक पंजाला नख्या पाच आहेत. चार नख्यांचे नाग बाजारात ढिगाने मिळतात, पाच नख्यांचा फक्त त्यांच्या बादशहाचा. बुडाला त्याच्याच नावाची मोहोर. भट्टीतून निघताना केसाएवढा डाग दिसला तरी तिथल्या तिथे फोडून पुरतात. म्हणून मुळातच थोड्या, आणि देशाबाहेर तर येतच नाहीत. हिला साधा टवकासुद्धा नाही!"

किल्लेदार खूश झाला. अशी बिनडागी वाटी नजर करतो, असा शब्द तो आपल्या सुलतानाला आधीच देऊन बसला होता.

दोरांनी बांधलेला धाकू कोपऱ्यातून ओरडला, "आवडे, दिव नको गो! देवीची वस्तू ती!" शिपायाने त्याच्या तोंडावर भाल्याचा दांडा मारला.

आवडूने नवऱ्याचं रक्त बघितलं. मग म्हणाली, "शेवटचा नमस्कार करू दे."

वाटी तिच्या हातात दिली. तिने ती कपाळाला लावली आणि सदरेच्या दगडी खांबावर काठ हाणला.

टवका उडाला. पारख्याने डोक्याला हात लावला. शिपायांनी तलवारी उपसल्या आणि किल्लेदाराकडे बघत उभे राहिले. आवडूला वाटलं, संपलं. पण किल्लेदाराच्या डोक्यात दुसरंच होतं. फुटकी वाटी सुलतानापुढे नेली तर त्याचीच मान जाणार होती. शिवाय होड्या अडल्यापासून गडावर मीठ नव्हतं, मासळी नव्हती. तो सावकाश हसला.

"सोडा सगळ्यांना. बाई, वाटी घेऊन जा. फुटकं देवाला चालत नाही. आता ती माझी नाही, तुझ्या देवीचीही नाही. बाकीचं तुझा गाव बघेल."

आणि तसंच झालं. जी माणसं तिने सोडवली, तीच वाटेत तिच्याशी बोलेनात. देवळात वडीलधारे दारात आडवे उभे राहिले. "ह्या काय केलंस गो?" धाकूनेही मान खाली घातली. त्या वेळी त्या बाईला काय झालं असेल, हा विषय त्या घरात आजही निघतो. मी त्याच घरातला.

आवडू दारातून हटली नाही. "कौल लावा," म्हणाली. "डावो पडलो तर वाटीसकट मी खाडीत जातंय."

देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आवडूने फुटकी वाटी पाण्याने भरून देवीच्या पायाशी ठेवली.

"आये, मोडकी वाटी घेवन इलंय. तुका व्हयी तर उजवो कौल दी."

बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पाकळी सुटू लागली, खांद्यावरून निम्मी घसरली. कोणीतरी हुंदका दिला. आवडू वाटीकडे हात नेत उठली, तेवढ्यात उजवी पाकळी सुटली आणि थेट वाटीतल्या पाण्यात पडली. डावी तशीच चिकटून राहिली, म्हणे.

सगळ्यात आधी धाकू तिच्या पाया पडला.

तेव्हापासून आमच्याकडे नव्या भांड्याला आधी टवका, मग स्वयंपाक. स्टीलचा टवका निघत नाही, म्हणून दगडावर आपटून पोचा पाडतो. मिक्सरचं भांडंही त्यातून सुटत नाही.

आजही लांबलांबचे पारखी येतात. भिंग लावून पाच नख्या मोजतात, बुडाची मोहोर वाचतात, हरखून जातात. मग बोट टवक्यापाशी येतं. एक सुस्कारा टाकून ते आपल्याच हाताने वाटी देवीपुढे परत ठेवतात. म्हणून आजही या गाभाऱ्याला कुलूप नाही.