मेणाने बुजवलेले दोन सूर

देवीच्या देवळाभोवती वसलेल्या एका नगरात, फार पूर्वी, एक सनईवादक राहत असे. महाद्वारावरच्या नगारखान्यात बसून तो रोज पहाटे सनई वाजवी, आणि तिचा पहिला सूर कानी पडल्याशिवाय पुजारी देवळाचे दार उघडीत नसत, असा तेथील रिवाज होता. खाली उभ्या असलेल्यांना सनई ऐकू येई, वादक दिसत नसे. त्यामुळे या वादकाच्या उजव्या हाताला दोन बोटे नाहीत, हे परगावच्या भाविकांना ठाऊकही नसे.

तरुणपणी गुऱ्हाळावर ऊस सारताना त्याची अनामिका आणि करंगळी चरकात सापडल्या होत्या. सनईची खालची दोन भोके झाकायला बोटेच उरली नाहीत. तेव्हा त्याने ती भोके मेणाने बुजवली, आणि हरवलेले सूर ओठांच्या दाबाने व श्वास आवरून काढण्याचा अभ्यास आरंभला. ओठ फुटत, छाती दुखे, शेजारी कंटाळत. पण काही वर्षांनी ते सूर परत आले, आणि असे आले की ऐकणाऱ्याने हातातले काम थांबवावे.

त्याच नगरात एका कुंभाराची मुलगी होती. देवीच्या खालोखाल तिला कोणी मोठे वाटत असेल, तर ते सनईवाले बुवा. इतर मुली भातुकली मांडीत, तेव्हा ही नगारखान्याच्या पायरीशी कान लावून बसे. मामाने जत्रेतून तिला सनई आणून दिली, त्या दिवशी तिने सर्वांत आधी काय केले असेल? खालची दोन भोके मेणाने बुजवली, आणि आपल्या उजव्या हाताची दोन बोटे चिंधीने बांधून टाकली.

कुंभार म्हणाला, "अगं, मडकं घडवायला दहा बोटं पुरत नाहीत, आणि तू आठच घेऊन बसलीस?"

"बुवांना आठच आहेत."

"बुवा मडकी घडवत नाहीत!"

"मीही नाही घडवणार. मी नगारखान्यात बसणार."

कुंभाराने कपाळाला हात लावला. पण त्या दिवसापासून तिच्या वाट्याची मातीही तोच मळू लागला. मुलगी नदीकाठी जाऊन, बुवांची पहाटेची भूपाळी आठवून आठवून वाजवू लागली.

पुढे बुवांचे वय झाले. त्यांचा दम पुरेना, म्हणून मानकऱ्यांनी नवा वादक निवडायचे ठरवले. त्याची रीत अशी होती : नवरात्राच्या आदल्या दिवशी इच्छुकाने नगारखान्यात बसून वाजवावे, मानकऱ्यांनी खाली उभे राहून ऐकावे, आणि निकाल जुन्या वादकाने द्यावा. एकदा नाकारले, तर पुढल्या वर्षापर्यंत पुन्हा संधी नाही.

त्या वर्षी पुढे आली ती एकटी कुंभाराची मुलगी.

तिने भूपाळी सुरू केली. वरचे सूर स्वच्छ लागले. शेजारी बसलेल्या बुवांनी मान डोलावली. मात्र चाल खाली उतरू लागली, तसे सूर बारीक झाले, अडखळले, आणि अखेरीस नुसती हवाच बाहेर पडली.

"वर सनई आहे की चुलीपुढली फुंकणी?" एक मानकरी ओरडला. खाली हशा पिकला. गर्दीतल्या कुंभाराने मान खाली घातली.

बुवांचे लक्ष मुलीच्या हाताकडे गेले. "बोटांना लागलंय का, पोरी?"

"नाही बुवा. तुमच्यासारखी वाजवतेय."

बुवांनी तिची सनई हाती घेऊन फिरवली. त्यांचेच मेण, त्यांचीच भोके. इतक्या भक्तीने आपल्याकडे कोणी पाहिले असेल, असे त्यांना कधी वाटले नव्हते.

"बुवा, निकाल सांगा!" खालून हाक आली.

त्यांनी होकार दिला असता, तर कोणी त्यांचा शब्द मोडला नसता. मुलगी डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहत होती.

बुवांनी खिडकीतून उत्तर दिले, "या वर्षी नाही."

मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "माझं काय चुकलं? मी एकही गोष्ट तुमच्याहून वेगळी केली नाही."

"वेडी पोर," बुवा म्हणाले. ते तिच्या बोटांवरची चिंधी सोडू लागले. "बोटं घालवणं हे काय मी घेतलेलं व्रत होतं? गेली, तेव्हा मी तुझ्याहून मोठ्यानं रडलो. मेण हा माझा नाइलाज गं, आणि तू त्याची पूजा मांडलीस. मी माझा एकही सूर सोडला नाही. तू हाती असलेले दोन सूर बुजवून बसलीस. मग माझ्यासारखी झालीस कुठं?"

"पण मला तुमच्यासारखंच व्हायचंय."

"मग माझ्यासारखी हट्टी हो. उद्यापासून माझ्याशेजारी बसून सूर धर. आधी सुई आण, हे मेण काढू."

वर्षभर ती बुवांजवळ बसून शिकली. वादक एक चाल वाजवीत असता साथीदाराने मागे एकच सूर अखंड धरायचा असतो. ते काम दिसते सोपे, असते कठीण. पाठ वाकली की बुवा रागावत, आणि रागावून झाले की गूळ देत.

पुढल्या नवरात्राच्या आदल्या दिवशी बुवा आयुष्यात प्रथमच खाली, गर्दीत बसले. वरून भूपाळी सुरू झाली. ती खाली उतरली, आणि तळाचे सूर भरीव, ठाम लागले. फुंकणी म्हणणारा मानकरी हात जोडून उभा होता.

परगावची एक बाई बुवांना म्हणाली, "तुमच्या गावचे बुवा काय वाजवतात हो!"

"बुवा नाहीत त्या. बाई आहेत," बुवा म्हणाले.

शेवटच्या वळणावर मात्र बोट मोकळे असूनही मुलीने एक सूर बोटाने न घेता ओठांनीच घेतला. अगदी बुवांच्या ढंगाने, आणि अचूक. ते दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आले नाही.

"वात्रट कार्टी!" बुवा पुटपुटले, आणि उपरण्याने डोळे पुसून त्यांनी मानकऱ्यांना होकाराची खूण केली.

तात्पर्य, मुलांनो, एवढेच : ज्याला आपण थोर मानतो, त्याची उणीव उसनी घेऊ नये, ती उणीव असतानाही त्याने जे सोडले नाही, ते आपण घट्ट धरावे.