पुराव्याचा धूर

एका गावातलं एक कुत्रं एका सकाळी नको तिथे झोपलेलं दिसलं, तिथून ही गोष्ट सुरू होते.

कुत्रं कुणाचंच नव्हतं, त्यामुळे ते कुठे झोपतं याकडे कुणी बघत नसे. पण दुरपी बघायची. दुरपी म्हणजे गावच्या कुंभाराची मुलगी. भांडं पडलं की ती दचकायची, आणि पडलं नाही तर आता पडेल म्हणून दचकायची. कुंभाराच्या घरात जन्मून असा स्वभाव मिळणं म्हणजे शिक्षाच. त्या सकाळी ती अंगणात आली, तर घरामागच्या जळक्या उतारावर, मोहाच्या एका काळ्या खोडाला पाठ लावून कुत्रं मुटकुळं करून झोपलं होतं. फाल्गुनातली सकाळ, हवेत अजून गारठा. गावात एवढ्या चुली पेटलेल्या असताना हे इथे कशाला आलं, असं तिच्या मनात आलं आणि ती दचकली.

कारण वणवा विझून चार दिवस झाले होते. निदान गाव तरी तसं समजत होतं.

वणवा मोठा होता. एका दिवसात अख्खा डोंगर काळा झाला. कुरण गेलं, मोह गेले, करवंदीच्या जाळ्या गेल्या. वरच्या आळीतले सहा गोठे गेले आणि खालच्या आळीतलेही सहाच. वणव्याने एवढा सारखेपणा दाखवल्यावर तरी दोन्ही आळ्यांनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायचं. पण या गावाचं तसं नव्हतं. वरच्या आळीतले पुरुष मिशांची टोकं वर वळवत, खालच्या आळीतले खाली. हे कुणी सुरू केलं आणि का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यापायी ठरलेली लग्नं मोडली होती. तेव्हा राख गरम असतानाच वरचे म्हणाले, खालच्यांनी नवं गवत जोमानं यावं म्हणून कुरण पेटवून दिलं. खालचे म्हणाले, वरच्यांनी मध काढायला मोहोळाखाली धूर केला आणि तो त्यांना आवरला नाही. खरं काय झालं ते कुणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची अगदी खात्री होती.

निवाडा करायला राजाचे न्यायशास्त्री पौर्णिमेला यायचे होते. तोवर जळालेला उतार म्हणजे पुरावा, त्याला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. कित्येक वर्षांत दोन्ही आळ्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. उताराभोवती सुंभाची दोरी बांधली गेली आणि दोरीपाशी दोन पहारेकरी बसले, एक वरचा, एक खालचा.

दुसरी गोष्ट दोन्ही आळ्यांनी आपापल्या घरी बसून ठरवली, पण ठरवली एकच. गाव डोंगराळ, घरं लांब लांब. कुणी हाक मारली की ज्याच्या कानावर पडेल त्याने आधी ‘ओ’ द्यायची आणि मग पाय उचलायचे, अशी तिथली जुनी रीत. मग हाक चुकल्या म्हशीसाठी असो की निघालेल्या सापासाठी. आता ठरलं की तिकडच्यांच्या हाकेला ओ द्यायची नाही. पण लांबून आलेला आवाज इकडचा की तिकडचा हे कसं कळणार? शहाण्या लोकांनी मग कुणालाच ओ देणं बंद केलं. एका गृहस्थाने तर आवाज नीट ओळखू येईना म्हणून स्वतःच्या बायकोलाही ओ दिली नाही, आणि त्या तत्त्वापायी त्याचं त्या दिवशीचं जेवण गेलं.

कुंभाराचं घर दोन्ही आळ्यांच्या बरोबर मधे, उताराच्या पायथ्याशी. दुरपीची आई वरच्या आळीची लेक, बाप खालच्या आळीचा. मडकी घ्यायची वेळ आली की दोन्हीकडचे म्हणत, कुंभार आमचाच. वणव्यानंतर दोन्हीकडचे म्हणू लागले, तो तिकडचा. बाप मडक्यांची गाडी घेऊन लांबच्या बाजाराला गेलेला. आई वणव्याच्या दिवशी धावताना पडली होती. तिचा पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता आणि ती खाटेवर पडून होती. घरावर गवताचं छप्पर. या सगळ्याचा विचार दुरपी दिवसातून शंभरदा करायची, आणि कुत्रं बघितल्यावर तिने तो एकशेएकावा केला.

ती दोरीपाशी गेली आणि वाकून खोडाच्या दिशेने हात धरला. तळव्याला ऊब लागली. खोडाच्या बुंध्यातून दोऱ्याएवढा धूर निघत होता. कुंभाराच्या भट्टीवर वाढलेल्या मुलीला हे कुणी समजावायची गरज नव्हती. वर पांढरी राख, आत जिवंत विस्तव. भट्टी असते तशीच.

ती घागर भरून घेऊन आली. दोन्ही पहारेकरी एकदम उठले. त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही असा हुकूम होता आणि चार दिवस दोघेही अगदी कंटाळून गेले होते, त्यामुळे दुरपी आली याचा त्यांना मनातून आनंदच झाला.

“पाणी ओतलंस तर पुरावा धुऊन जाईल,” वरचा म्हणाला. “आणि त्याला सांग, पाय दोरीच्या आत गेलाय त्याचा.”

“त्याला सांग, तो माझा पाय नाही, माझी सावली आहे,” खालचा म्हणाला.

“त्याला सांग, सावलीनंही आत जायचं नाही.”

दुरपी म्हणाली, “काका, खोडात विस्तव आहे.”

दोघांनी खोडाकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून, म्हणजे एकाच वेळी पण वेगवेगळे, ठरवलं की विस्तव हा पुराव्याचाच भाग आहे. वरिष्ठांना विचारल्याशिवाय तो विझवता येणार नाही. घागर परत गेली.

दुरपी वरिष्ठांकडे गेली. वाटेत तिने काय बोलायचं ते सात वेळा घोकलं आणि कारभाऱ्यांच्या दारात पोहोचल्यावर विसरली. कारभारी म्हणजे वरच्या आळीचे प्रमुख. त्यांच्या मिशा इतक्या वर वळलेल्या की बोलताना टोकं डोळ्यांत जातील की काय अशी तिला भीती वाटे. तिने कसंबसं सांगितलं. खोड धुमसतंय, दिवस कलला की वारा डोंगरावरून खाली उतरतो, खाली आमचं घर आहे, आई चालू शकत नाही.

कारभाऱ्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. “म्हणजे संध्याकाळी धूर खालच्या आळीकडे वळेल म्हणतेस,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि चार माणसांना निरोप धाडला, की संध्याकाळी सगळ्यांनी उतारावर यायचं, धूर गुन्हेगाराकडे बोट दाखवणार आहे.

खालच्या आळीचे पुढारी मिशा खाली सोडून ओसरीवर बसले होते. त्यांनी वाऱ्याचं आणि आईच्या पायाचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. “आत्ता धूर कुणीकडे जातोय?”

दुरपीला खोटं बोलता येत नसे. ती घाबरून म्हणाली, “वर.”

पुढाऱ्यांनी मांडीवर थाप मारली. दुरपी दचकली. पुढाऱ्यांनी ताबडतोब माणसं गोळा केली, की चला, संध्याकाळ व्हायच्या आत बघून घ्या, धूर कुणाचं नाव घेतोय ते.

दुरपी घरी येऊन आईच्या खाटेपाशी बसली. “दोघांनाही सांगितलं,” ती म्हणाली.

“मग?”

“दोघंही खूश झाले.”

आईने अंगावरची गोधडी बाजूला केली आणि कामट्यांतला पाय हलतो का ते बघितलं. तो हलला नाही.

खालचे निघालेले बघून वरचेही लवकरच निघाले, आणि दुपारपर्यंत अख्खा गाव उतारावर जमला. दोरीच्या एका अंगाला वर वळलेल्या मिशा, दुसऱ्या अंगाला खाली वळलेल्या. बायकांनी शेंगा आणल्या होत्या. धूर आता मनगटाएवढा जाड झाला होता आणि सरळ वरच्या आळीकडे झुकला होता. खालचे लोक आनंदाने तो एकमेकांना दाखवत होते. बघा, धुराला सुद्धा कळतं. वरच्यांनी उत्तर दिलं, की धूर लाजून तोंड फिरवतोय, गुन्हेगाराकडे त्याला बघवत नाही. त्यावर खालच्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, की धूर लाजला असेल तर तो वरच्यांचे पराक्रम आठवूनच, आणि मग वरच्यांनी त्या म्हाताऱ्याचे पराक्रम काढले, त्यात त्याची एक जुनी कोंबडीचोरीही निघाली. कुत्रं केव्हाच उठून निघून गेलं होतं. हे फक्त दुरपीने पाहिलं.

ती तेवढ्या वेळात घरातली असतील नसतील ती मडकी भरून अंगणात ओळीने मांडत होती. लहान, मोठी, गळकी, न विकलेली, बापाने शिकताना केलेली वाकडी. दोन आळ्या भांडत होत्या आणि ती विहिरीवर हेलपाटे घालत होती. कुणी विचारलं नाही, पोरी एवढं पाणी कशाला.

दिवस कलला. वारा क्षणभर पडला. धूर सरळ उभा राहिला, तसा सगळा गाव श्वास रोखून गप्प झाला. मग डोंगरावरून झुळूक आली आणि धूर हळूहळू खाली वाकला. वरच्या आळीत जल्लोष झाला. कारभाऱ्यांनी दोन्ही हातांनी मिशा पिळल्या. धुरामागून ठिणग्या आल्या, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. खोड मधोमध फुटलं, आणि आतला चार दिवसांचा विस्तव वाऱ्याकडे तोंड करून उठला. दोरीच्या आणि कुंभाराच्या घराच्या मधे वाळक्या गवताचा एक पट्टा वणव्यातून वाचला होता. तो पेटला.

जल्लोष थांबला. सगळे पुढे सरसावले आणि तिथल्या तिथे थबकले. कारण पुढारी हळूच म्हणाले, “थांबा. जो विझवायला धावेल, आग त्याची ठरेल.” तिकडे कारभारीही आपल्या माणसांना हेच सांगत होते, फक्त जास्त शब्दांत. खालचे वरच्यांकडे बघू लागले, वरचे खालच्यांकडे. दोन्ही पहारेकरी एकमेकांकडे बघत होते, पण बोलायची बंदी होती.

दुरपीने पहिलं मडकं ओतलं. दुसरं ओतलं. तिसरं हातातून निसटून फुटलं, आणि त्या आवाजाने ती दचकली नाही हे तिच्या लक्षातही आलं नाही. गवत एका ठिकाणी विझायचं आणि दोन ठिकाणी पेटायचं. एका माणसाचं काम नव्हतं ते. आणि आईची खाट एकटीने उचलता येत नव्हती, ते तिने सकाळीच करून पाहिलं होतं.

तेव्हा ती गावाकडे तोंड करून ओरडली. आयुष्यात तिने कधी हाक मारली नव्हती. घरातल्या सगळ्या हाका आईच मारायची. आवाज आधी निघालाच नाही, मग चिरका निघाला. “धावा, कुणीतरी धावा.”

दोनशे माणसांनी ऐकलं. दोनशे माणसं कुणीतरी धावतंय का ते बघू लागली.

ती पुन्हा ओरडली. या वेळी आवाज चांगला मोठा होता. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, की ही हाक नक्की कुणाकडची धरायची. आई वरची, बाप खालचा. प्रश्न अवघड होता आणि त्यावर दोन्हीकडे विचार सुरू झाला.

ठिणगी छपराच्या कडेला येऊन पडली. दुरपीने मडकं उलटं केलं, ती विझली. आतून आईचा आवाज आला, घाबरलेला नाही, नेहमी पीठ संपलं म्हणून सांगायची तसा.

“कुणीतरी म्हणू नकोस गं. कुणीतरी नावाचं माणूस गावात नाही. नाव घेऊन हाक मार.”

दुरपीने पुढाऱ्यांना हाक मारली. “पुढारीकाका.” पुढाऱ्यांनी पायातला काटा शोधायला सुरुवात केली. मग तिने कारभाऱ्यांना हाक मारली. कारभारी दूर क्षितिजाकडे बघू लागले.

“आई, ओ देत नाहीत.”

“कारभारी कसा देईल,” आई म्हणाली. “गेनूला हाक मार. आमच्या भिंतीला भिंत होती त्यांची. त्याची आई त्याला गेनू म्हणायची, आम्ही पोरी गेनूदादा म्हणायचो. तुझा मामाच लागतो तो.”

सबंध गावासमोर कारभाऱ्यांना गेनू म्हणायचं! आगीची भीती एका बाजूला आणि ही भीती दुसऱ्या बाजूला. दोन्ही दुरपीने क्षणभर तोलल्या. मग तिने डोळे घट्ट मिटले, श्वास भरून घेतला आणि सगळा डोंगर घुमेल अशी हाक मारली.

“गेनूमामा, माझी आई आत आहे.”

वरच्या आळीतल्या पोरासोरांना हा गेनू कोण तेच कळेना. म्हाताऱ्यांना कळलं, आणि त्यांनी हळूच कारभाऱ्यांकडे पाहिलं. तीस वर्षांत त्यांना या नावाने कुणी हाक मारली नव्हती. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, ठराव त्यांनीच केलेला होता, आणि आळी बघत होती. पण नाव कानावर पडलं की आधी तोंड उघडतं आणि मग माणसाला आठवतं, की आपण कोणत्या बाजूचे. वर वळलेल्या मिशांच्या खालून, कारभाऱ्यांना काही कळायच्या आत, खणखणीत आवाजात ती बाहेर पडली.

“ओ.”

आणि ओ गेली म्हटल्यावर, जुन्या रीतीप्रमाणे, त्यांचे पायही उचलले गेले.

गोष्टीचं तात्पर्य विचाराल तर एवढंच: आग कुणी लावली हे ती विझल्यावरही ठरवता येतं, ओ मात्र हाक कानावर आहे तोवरच द्यावी लागते.