पंखाखालची धग

माळाला लागून असलेल्या एका मळ्यात एक कोंबडी राहत असे. स्वभावाने भारी काळजीखोर. पान हलले तर तिला बोका दिसे आणि ढग सरकला तर घार दिसे. थंडीत काढलेली पिल्ले तिने एकही न गमावता मोठी केली होती. रात्री गारठा वाढला, पिल्ले थरथरू लागली, की ती त्यांना पंखाखाली ओढून घट्ट बसे आणि थोड्या वेळात थरथर थांबे. "पिल्लू थरथरलं की पोटाशी घ्यायचं. आईला एवढं आलं की पुरे," असे ती मळ्यातल्या इतर कोंबड्यांना ऐकवत असे. त्याही माना डोलावत. तिची पिल्ले जगली होती, तेव्हा तिच्याशी वाद कोण घालणार?

पण यंदा तिची पिल्ले अंड्यांतून बाहेर आली ती वैशाखात. मुलांनो, वैशाखातली माळावरची दुपार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. जमिनीवर अनवाणी पाय ठेववत नाही. अशाच एका दुपारी कोंबडी पिल्लांना घेऊन मोकळ्या रानात किडे टिपत होती. एवढ्यात जमिनीवरून एक सावली झर्रकन गेली. कोंबडीने वर पाहिले. घार! कोंबडी जिवाच्या आकांताने ओरडली. सगळी पिल्ले धावत येऊन तिच्या पंखाखाली शिरली आणि ती तिथेच, भर उन्हात, मटकन बसली.

घार काही झडप घालून आली नाही. ती जवळच्या विजेच्या खांबावर जाऊन बसली आणि पंख साफ करू लागली. "मला कसली घाई?" ती स्वतःशीच म्हणाली. "बसू दे तिला. ती उठेल तेव्हा पिल्लांच्या पायांत पळायचं बळ उरलेलं नसेल."

थोड्या वेळाने पंखाखालून एक बारीक आवाज आला. "आई, गरम होतंय."

"वर घार बसली आहे आणि तुला गरम होतंय? गप्प बस!" कोंबडी म्हणाली.

आता सगळीच पिल्ले थरथरू लागली. त्यांची पोटे भराभर वरखाली होत होती, चोची उघड्या पडल्या होत्या. कोंबडीला ते दिसत नव्हते, नुसते अंगाला जाणवत होते. 'घाबरली आहेत बिचारी,' तिला वाटले. मग थरथरणाऱ्या पिल्लांना जसे धरायचे तसेच तिने धरले. पंख आवळले, पिसे फुलवली, अंग आणखी खाली टेकवले.

जवळच पाण्याचा पाट होता आणि पाटाच्या काठावर एका टिटवीची पिल्ले होती. टिटवी सारखी पाटात उतरे, पोटाची पिसे चिंब भिजवी आणि ओल्या अंगाने पिल्लांवर येऊन उभी राही. तिच्या पिसांतून पाणी ठिबके, तिच्या सावलीत पिल्ले निवांत बसत. मघापासून ती कोंबडीकडे पाहत होती. शेवटी तिला राहवले नाही.

"अगं बाई, ऊठ आता," टिटवी म्हणाली. "पिल्लं उकडून निघतील."

"तुला काय जातंय सांगायला!" कोंबडी फणकारली. "स्वतः चिंब होऊन पिल्लांपाशी जातेस. त्यांना सर्दी झाली म्हणजे कळेल. माझी पिल्लं भीतीनं कापताहेत. आणि ती घार दिसत नाही का तुला?"

"दिसते की. पण ती अजून खांबावर आहे. ऊन मात्र तुझ्या पंखाखाली शिरलंय."

कोंबडीने मान फिरवली. इतक्यात तिच्या डाव्या पंखाखालचे एक पिल्लू थरथरायचे थांबले. कोंबडीला केवढे बरे वाटले! "बघितलंस?" ती म्हणाली. "एक शांत झोपलंसुद्धा."

टिटवी दचकली. "झोपलं? अशा उन्हात? अगं, ऊठ आणि बघ तरी!"

टिटवीचा आवाज असा काही चिरकला, की कोंबडी हट्ट विसरून उठली. डाव्या पंखाखालून ते पिल्लू कलंडून मातीत पडले. मान टाकलेली, डोळे अर्धवट मिटलेले, पाय ताठ. बाकीची पिल्ले उघड्या चोचींनी धापा टाकत होती. पिल्ले कापत होती ती भीतीने नव्हे, हे आता कुठे कोंबडीला कळले. ज्या धगीपासून त्यांना वाचवायचे, ती धग तिच्याच अंगाची होती! तिला रडू कोसळले आणि रडता रडता ती पिल्लाला पोटाशी घ्यायला पुन्हा खाली वाकली.

"बसू नकोस!" टिटवी ओरडली. "उन्हाकडे पाठ करून उभी राहा. पंख अंगापासून दूर धर. सावली दे, वारा जाऊ दे. त्याला मी पाणी आणते."

कोंबडी उभी राहिली. पंख पसरले, पाय फाकले. मुलांनो, हे वाचायला सोपे वाटते. पण संकट आले की खाली बसायचे, हे कोंबडीच्या हाडात असते. घार समोर असताना पिल्लांना अंगाखाली न घेता नुसते उभे राहणे तिला किती जड गेले असेल! तरी ती बसली नाही. पंखाखालून वाऱ्याची एक झुळूक गेली. टिटवी भिजून आली आणि तिने आपले ओले पोट त्या निपचित पिल्लाच्या अंगावर टेकवले. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. बाकीच्या पिल्लांनी टिटवीच्या पिसांतले थेंब टिपले. हळूहळू त्यांच्या धापा कमी झाल्या.

आपला डाव हातचा जातोय हे घारीने ओळखले. तिने खांब सोडला आणि बाणासारखी खाली आली. "पळा, कुंपणात!" कोंबडी किंचाळली. पाणी मिळालेली, वारा लागलेली पिल्ले टणाटण उड्या मारत जवळच्या काट्यांच्या कुंपणात घुसली. एकच पिल्लू मागे राहिले, ते मातीत पडलेले. कोंबडी त्याच्यावर उभीच राहिली. घारीच्या नख्या तिच्या पाठीत रुतल्या, पिसे उडाली. टिटवी टाहो फोडत घारीच्या डोळ्यांवर धावून गेली. वरून टिटवीचे फटके आणि खालून कोंबडीची चोच, यात घार सापडली. दोन पिसांखेरीज तिच्या हाती काही लागले नाही आणि ती माळापलीकडे निघून गेली.

कोंबडीच्या पाठीतून रक्त येत होते, पण तिचे लक्ष खाली होते. टिटवी आणखी एकदा पाटातून भिजून आली. बराच वेळ काहीच झाले नाही. मग पिल्लाची चोच किंचित हलली. त्याने एक थेंब गिळला, मग दुसरा. मान उचलायचा प्रयत्न केला, ती पडली, त्याने पुन्हा उचलली. शेवटी ते धडपडत उभे राहिले आणि डुलत डुलत आईच्या पोटाशी शिरायला आले.

कोंबडीचा जीव तीळ तीळ तुटला. त्याला उराशी घट्ट धरावे असे तिला फार फार वाटले. पण ऊन अजून उतरले नव्हते. ती एक पाऊल मागे सरली आणि पंख पसरून त्याच्यावर सावली धरून उभी राहिली.

तात्पर्य : माया आपल्या सवयीप्रमाणे करू नये, समोरच्याला काय हवे ते पाहून करावी. कधी कधी उराशी धरण्यापेक्षा थोडे दूर उभे राहण्यातच खरी माया असते.