अंबऋषी मास्तरांची रेघ

फार मागं, बालाघाटाच्या डोंगरात हिंगणवाडीला पिण्याच्या पाण्याचा एकच आड होता आणि त्याचा राखणदार होता रखमाजी. रखमाजीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. चालता चालता तो मागं वळून स्वतःच्या सावलीवरसुद्धा डोळा ठेवायचा, असं म्हणतात.

त्या गावात अंबऋषी मास्तर आले. पाडव्याला त्यांनी हाताहातावर गाठी मारलेला दोर आडात सोडला. पाणी भरलं वीस हात. मग शाळेच्या भिंतीवर पोरांकडून गेरूनं उभे हात आणि आडवे दिवस मांडून घेतले, आणि विसावर ठिपका दिला.

मास्तर म्हणाले, "वाटसरू निघाला कुठून, ते आधी विचारा. मग चालतो किती, ते. एवढं कळलं की पोचणार कुठं, ते आपसूक कळतं."

चार दिवसांनी पाणी हातभर उतरलं. आठव्या दिवशी दोन हात. मास्तरांनी ठिपके जोडले आणि तीच तिरकी रेघ सरळ तळापर्यंत नेली. ऐंशीव्या दिवशी आड कोरडा.

रखमाजीचं डोकं फिरलं. "पाणी अजून आडात, आन् रेघ तळाला? ही करणी हाय. रेघच पाणी वढतीया!"

पाणी रेघेबरहुकूम उतरत गेलं, तसं गावही मास्तरांकडं तिरकं बघू लागलं. पण रखमाजीला तेवढ्यानं भागेना. रेघ खोटी पाडायचीच, असं त्यानं मनाशी धरलं. छत्तिसाव्या दिवशी दुपारचं त्यानं काठी आपटून सगळ्यांना हाकललं आणि राखणीला एकटा बसला. तिथून रोज भर दुपारी तो घागरीवर घागरी उपसायचा आणि आपल्या वांग्यांना घालायचा.

चाळिसाव्या दिवशी रेघ सांगत होती दहा, दोर सांगत होता नऊ. चव्वेचाळिसाव्याला नऊ हवं, तर सातच!

"बघा, मास्तर खोटा!" रखमाजी नाचला. गाव मास्तरांची पेटी वेशीबाहेर फेकायला निघालं.

मास्तर एवढंच म्हणाले, "पोरांनो, खरे ठिपके जोडा."

जोडले. रेघ छत्तिसापर्यंत सरळ आली आणि तिथून कडा कोसळावा तशी खाली गेली. पोरांतली कोंडाबाईची गोदी म्हणाली, "आड छत्तिसाव्या दिवशी पळाया लागला. त्या दिवशी राखणीला कोण बसलं व्हतं?"

सगळ्यांनी रखमाजीकडं पाहिलं. मग त्याच्या वांग्यांकडं. अख्ख्या डोंगरात तेवढीच हिरवीगार होती.

गोदीनं हिशेब मांडला, "रखमाकाका, दोन हात म्हंजे आठ दिस. गावाचे आठ दिस तुमची वांगी प्याली."

रखमाजी तडक वाफ्यात शिरला. वांगी मुळासकट उपटली. बहात्तराव्या दिवशी आड आटला, तशी त्यानं कावड उचलली आणि तीन कोसांवरचा डोह गाठला. आठ दिवस अख्खं गाव त्या एका कावडीवर जगलं आणि कावड रिती झाली नाही, असं म्हणतात. ऐंशीव्या दिवशी आभाळ भरून आलं, तेव्हाच ती त्यानं खाली ठेवली.

अजून हिंगणवाडीत पाडव्याला आधी आडात दोर सुटतो, मग गुढी उभी राहते. भिंतीवरच्या पहिल्या ठिपक्याला अंबऋषीचा ठिपका म्हणतात. दोर धरायचा मान रखमाजीच्या घराण्याचा.

आणि त्या मानकऱ्याच्या दोन्ही अंगांना दोन पोरी उभ्या असतात, गाठी मोजायला.